फ्रिज तीनचा अहवाल

'कप्पेसाहेब' हे नाव त्यांना ऑफिसने ठेवलं होतं. ते थट्टेने ठेवलंय हे कळायला त्यांना पाच वर्षं लागली. तोवर ते आपले खुशीत मान डोलवत होते. आपण बनवलेली कप्प्यांची रचना लोकांना इतकी भावली की तिच्यावरून आपलं नाव पडलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माणूस शिकलेला असला की गैरसमजसुद्धा कसे ऐटीत करून घेतो, ते बघा.

त्यांच्या कंपनीचं काम तसं सरळ होतं. लोकांच्या फ्रिजवर लक्ष ठेवायचं. घरातल्या नव्हे हं. औषधांच्या गोदामातल्या, आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या, फुलवाल्यांच्या, हॉस्पिटलांच्या. प्रत्येक फ्रिजमध्ये काड्यापेटीएवढं एक यंत्र बसवलेलं, ते दर पाच मिनिटांनी तापमान कळवायचं. असे सहाशे ग्राहक, आणि सगळ्यांची माहिती एकाच यंत्रणेत. या धंद्यात अशा ग्राहकांना भाडेकरू म्हणतात. इमारत एक, बिऱ्हाडं सहाशे, आणि एकाच्या खोलीत दुसऱ्याने डोकवायचं नाही. रोज सकाळी सहाला प्रत्येक फ्रिजचा आदल्या दिवसाचा अहवाल तयार व्हायचा आणि क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या भल्यामोठ्या संगणकांवर, जाऊन पडायचा. तो तिथे नेमका कुठे ठेवायचा आणि कुणी मागितला तर कसा काढायचा, एवढंच कप्पेसाहेबांना आठ वर्षांपूर्वी ठरवायचं होतं.

कुणीही शहाण्या माणसाने हे जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं असतं. कप्पेसाहेबांनी त्याला सात महिने घेतले.

त्यांनी काय केलं, तर ग्राहकाचं नाव कप्प्यावर घालायचंच नाही असं ठरवलं. का? तर गुप्तता! त्याऐवजी प्रत्येक ग्राहकाला बारा अक्षर-आकड्यांची एक अगम्य रांग दिली आणि तीच त्याच्या कप्प्याची ओळख केली. त्या कप्प्यात तारखा नाहीत, तर यंत्रणा सुरू झाल्यापासूनचा कितवा आठवडा, तो क्रमांक. अहवालाच्या आतसुद्धा ग्राहकाचं नाव नाही, नुसतं 'फ्रिज तीन' आणि खाली आकडे. आता एवढं सगळं लपवल्यावर सापडायचं कसं? म्हणून कुठला कप्पा कुणाचा हे लिहिणारी एक सूची. ती सूची कुठे आहे हे सांगणारी महासूची. आणि दोन्ही वाचून अहवाल शोधून आणणारा 'शोधक' नावाचा प्रोग्रॅम, चार हजार दोनशे ओळींचा. त्याला अहवाल मिळाला नाही तर संगणकाच्या पडद्यावर काय दिसावं, यावर कप्पेसाहेबांनी एक अख्खी दुपार विचार केला होता. 'सापडला नाही' हे त्यांना फार दुबळं वाटलं. आपल्या शोधकाला सापडत नाही म्हणजे काय? त्यांनी लिहिलं, 'हा अहवाल अस्तित्वात नाही.' वाक्य असं ठणठणीत पाहिजे, असं त्या वेळी ते स्वतःशीच म्हणाले होते.

ऑफिसात या सगळ्याबद्दल तोंडावर बोलणारी एकच व्यक्ती होती. ती दीड वर्षापूर्वी आली. तिचं काम दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासून चुका काढण्याचं, म्हणून सगळे तिला चाचणीबाई म्हणत. आल्या आल्या दुसऱ्याच महिन्यात तिने अर्ध्या पानाचा एक प्रस्ताव दिला. ग्राहकाचं नाव, त्यात फ्रिजचा क्रमांक, त्यात तारीख. संपलं. सूची नको, महासूची नको, शोधक नको. ज्याला नाव आणि तारीख ठाऊक आहे त्याला अहवाल कुठे आहे ते आपोआपच ठाऊक.

कप्पेसाहेबांनी त्यावर एकोणीस मुद्द्यांचं उत्तर लिहिलं. सतराव्या मुद्द्यात 'सुरक्षिततेचं तत्त्वज्ञान' असे शब्द होते. चाचणीबाईने ते सगळं शांतपणे वाचलं आणि बैठकीत एवढंच विचारलं, "सर, दाराला कुलूप आहे ना? दुसऱ्याच्या कप्प्यात कुणालाच जाता येत नाही, ते मी स्वतः तपासलंय. मग दारावरची पाटी कशाला काढायची?"

"तुम्ही नवीन आहात," कप्पेसाहेब हसून म्हणाले होते. ते हसणं आठवलं की पुढे कित्येक दिवस त्यांना स्वतःच्याच दोन मुस्काटात द्याव्याशा वाटत.

तर त्या दिवशी सकाळी साडेनऊला ताईचा फोन आला.

ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. एका हॉस्पिटलात औषधभांडाराची प्रमुख. एकतीस वर्षं त्याच खोलीत काढलेली, निवृत्तीला चार महिने राहिलेले. ताई कधी कामाच्या वेळात फोन करत नसे, त्यामुळे कप्पेसाहेबांनी तो लगेच उचलला.

"छोट्या, तुझं ते मशीन काय बोलतंय बघ रे जरा."

"काय बोलतंय?"

"अस्तित्वात नाही म्हणतंय."

ते वाक्य कप्पेसाहेबांचंच होतं.

मग ताईने सगळं सांगितलं, नेहमीसारखं क्रमाने, एकही गोष्ट न गाळता. गेल्या वर्षी मार्चमध्ये टोचलेली एक लस काही मुलांना लागू पडली नाही, अशी तक्रार आली होती. त्याच महिन्याच्या अकरा तारखेला त्या भागातली वीज दुपारी अडीच तास गेली होती. हॉस्पिटलचा जनरेटर नेमका दुरुस्तीला, आणि लस होती फ्रिज तीनमध्ये. आता तपासणी समिती बसली होती. तिला एकच बघायचं होतं: त्या दुपारी फ्रिज तीनचं तापमान आठ अंशांच्या वर गेलं की नाही. गेलं असेल आणि तरी लस वाटली असेल, तर जबाबदार ताई. गेलं नसेल, तर ताईचा काही संबंध नाही. आज सकाळी समितीच्या अध्यक्ष डॉक्टरांसमोर तिने मोठ्या विश्वासाने शोधक उघडला, तारीख टाकली, आणि पडद्यावर ते ठणठणीत वाक्य आलं.

"डॉक्टरबाई म्हणाल्या, अस्तित्वात नाही म्हणजे त्या दिवशी नोंद ठेवलीच नव्हती का? मी म्हटलं, माझा भाऊच बघतो ते, विचारून सांगते. चार वाजेपर्यंत थांबल्यात त्या."

"आणि वही?" कप्पेसाहेबांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर आठवलं.

"वही तूच बंद केलीस ना," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

खरंच होतं ते. तेवीस वर्षं ताई रोज दोनदा प्रत्येक फ्रिजचं तापमान स्वतःच्या हाताने वहीत लिहायची. वही फ्रिजशेजारच्या खिळ्याला दोरीने टांगलेली. आठ वर्षांपूर्वी यंत्रं बसवायला कप्पेसाहेब स्वतः गेले होते आणि ती वही त्यांनीच खिळ्यावरून काढली. "ताई, कुठल्या जमान्यात राहतेस? हे आता बंद!" असं चारचौघांत म्हणाले होते. ताईने वही कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. धाकट्या भावाच्या शब्दावर तिने तेवीस वर्षांची सवय एका दिवसात सोडली होती. बाकीच्या ग्राहकांपैकी निम्म्यांनी गुपचूप वह्या चालू ठेवल्या होत्या, हे कप्पेसाहेबांना ठाऊक होतं. त्या लोकांना ते मागासलेले म्हणत.

फोन ठेवला आणि ते थेट चाचणीबाईच्या टेबलाशी गेले. एकोणीस मुद्दे घशात अडकले होते. तरी त्यांनी सांगून टाकलं.

तिने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली आणि दोघं कामाला लागले.

काय झालं होतं ते अर्ध्या तासात उघडकीला आलं. गेल्या वर्षी जूनमध्ये कप्पेसाहेबांनी सूची जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी हलवली होती. त्याच्या थोडं आधी ज्या ग्राहकांनी करार बदलून नवी यंत्रं घेतली होती, त्यांना नवे कप्पे मिळाले होते. हलवताना त्यांच्या फक्त नव्या कप्प्याची नोंद पुढे आली, जुन्याची गळून पडली. असे एकेचाळीस ग्राहक, हॉस्पिटल त्यांतलंच एक. अहवाल सगळे जागच्या जागी होते, पाच लाखांहून जास्त, एकालाही धक्का लागला नव्हता. फक्त कुठला कुणाचा हे जगात कुणालाही माहीत नव्हतं.

"जुनी सूची असेल ना कुठे तरी?" चाचणीबाईने विचारलं.

"मी पुसून टाकली," कप्पेसाहेब म्हणाले. "साफसफाई म्हणून. त्याबद्दल ऑफिसात पेढ्यांसारखं एक पत्रसुद्धा वाटलं होतं मी."

"वाचलं होतं मी ते, सर."

"मग आता अहवाल उघडून आत बघू. आत..." आणि ते थांबले.

"आत नाव नाही," चाचणीबाईने वाक्य पुरं केलं. "गुप्तता."

कप्पेसाहेबांनी कपाळाला हात लावला. चोराला सापडू नये म्हणून त्यांनी इतका बंदोबस्त केला होता की घराच्या मालकालाच आत जायची वाट उरली नव्हती, आणि चोर तर आठ वर्षांत एकदाही फिरकला नव्हता.

पण चाचणीबाई हार मानणारी नव्हती. अकरा मार्चचा आठवडा कितवा ते तिने मोजून काढलं. एकेचाळीस बेवारस कप्प्यांतून त्या दिवसाचे फ्रिज तीनचे अहवाल उपसले, एकोणतीस निघाले. त्यांतले आइस्क्रीमवाले आणि बर्फवाले बाजूला काढले, कारण त्यांचे आकडे शून्याच्या खूप खाली. उरले एकोणीस. त्यांतल्या सोळांच्या तापमानाची रेघ दिवसभर सपाट. आणि तीन अहवालांत दुपारी दीडपासून तापमान हळूहळू चढलेलं, चारनंतर उतरलेलं. म्हणजे वीज गेलेल्या भागातले ग्राहक हेच तिघे.

पहिला अहवाल सहा पूर्णांक दोनपर्यंत चढला होता. दुसरा सात पूर्णांक एकपर्यंत. तिसरा नऊ पूर्णांक चार.

"यातला एक ताईचा," कप्पेसाहेब म्हणाले.

तेवढ्यात मागून विक्रीप्रमुख येऊन उभा राहिला. एवढं मोठं हॉस्पिटल हातचं जाईल या भीतीने त्याचाही चेहरा उतरला होता. त्याने सगळं ऐकलं आणि चुटकीसरशी निकाल लावला. "अहो, सहा पूर्णांक दोनवाला द्या ना! तुम्हालाच ओळखू येत नाही, तर समितीला काय ओळखू येणार आहे?"

आता खरं सांगायचं तर, कप्पेसाहेबांच्या मनात हा विचार त्याच्या आधीच येऊन गेला होता. एकदा नव्हे, तीनदा. ताईची एकतीस वर्षं, चार महिन्यांवर आलेली निवृत्ती, चार वाजता येणाऱ्या डॉक्टरबाई, आणि समोर एक देखणी, मर्यादेत राहणारी रेघ. कुणाला कळलं असतं? त्यांनीच तर कुणालाही कळणार नाही अशी व्यवस्था केली होती, सात महिने खपून.

चाचणीबाईने तिन्ही रेघा पडद्यावर पुन्हा शेजारी शेजारी लावल्या.

"नाही," कप्पेसाहेब म्हणाले. "तो फुलवाल्याचाही असेल. आणि लस टोचलेली मुलं आहेत ती, फुलं नव्हेत." मग जरा खालच्या आवाजात, "आणि ताईला असलं काही चालणार नाही. माझं तोंड बघायची नाही ती."

तीन वाजले होते. त्यांनी तिन्ही अहवाल लॅपटॉपमध्ये घेतले आणि हॉस्पिटलचा रस्ता धरला. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. वीस मिनिटांच्या वाटेवर त्यांनी मनाशी चार भाषणं तयार केली. पहिल्यात सूची हलवण्यातल्या तांत्रिक अडचणींचा उल्लेख होता. चौथ्यात नुसतं 'ताई, चुकलो' होतं.

औषधभांडार तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. लांबट खोली, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत लोखंडी फळ्या, शेवटी पाच फ्रिज ओळीने. प्रत्येक फळीच्या कडेला ताईच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: औषधाचं नाव, खाली मुदतीची तारीख. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, ज्याची नंतर ते मागे. या खोलीत कुणी काहीही मागितलं तरी ताई मान वर न करता हात लांब करून द्यायची. लहानपणी कप्पेसाहेबांना स्वतःची पेन्सिल कुठे आहे हे कधीच ठाऊक नसायचं. ताईला नेहमी ठाऊक असायचं.

ताई टेबलापाशी ताठ बसली होती. समोर कोरा कागद आणि पेन. तिने त्यावर काही लिहायला घेतलं असावं आणि थांबली असावी.

कप्पेसाहेबांनी चौथं भाषण केलं. आणि मग उरलेलं सगळं, वरचा मुलामा न देता: पुसलेली सूची, नाव नसलेले कप्पे, तीन रेघा. नऊ पूर्णांक चारही त्यांनी लपवला नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, पण ते तिने पडू दिलं नाही.

"माझा फ्रिज नऊवर गेला असेल तर मी तसं लिहून देईन," ती म्हणाली. "पण तो माझा नसेल आणि माझ्या माथी बसला तर मला सोसायचं नाही रे. एकतीस वर्षांत एक बाटली खराब दिली नाही मी."

"माहीत आहे ताई."

"मग त्या तिघांतला माझा कुठला, हे कशावरून कळेल?"

"कप्प्याच्या नावावरून. प्रत्येक कप्प्याला बारा अक्षर-आकड्यांचं नाव आहे. तुमच्या हॉस्पिटलचं नाव कुठलं, ते फक्त जुन्या सूचीत होतं. दुसरीकडे कुठेही नाही. मुद्दामच नाही ठेवलं."

"बारा अक्षरं," ताई म्हणाली. "चौकोनात चौकोन काढून, मधोमध लिहिलेली?"

"तुला कसं ठाऊक?"

ताई उठली. कपाटाचं दार उघडलं. आत फायली उभ्या लावलेल्या, पाठीवर वर्षं लिहिलेली. तिने आठ वर्षांपूर्वीची फाईल काढली, पानं चाळली आणि एक कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. हे सगळं व्हायला पाणी पिण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

एका औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकाची ती मागची कोरी बाजू होती. तिच्यावर त्यांच्याच हाताने काढलेले चौकोन, चौकोनात चौकोन, इकडून तिकडे जाणारे बाण. एका बाणावरून दुसरा बाण जाऊन शाई पसरलेली. आणि अगदी मधल्या चौकोनात, दोनदा अधोरेखित केलेली, बारा अक्षर-आकड्यांची रांग. शेजारी त्यांच्याच अक्षरात: 'तुमचा कप्पा. हे जगात कोणीही ओळखू शकणार नाही!' उद्गारचिन्हासकट. वरच्या कोपऱ्यात मात्र ताईच्या टपोऱ्या अक्षरात त्या दिवसाची तारीख.

त्यांना आठवलं. वही खिळ्यावरून काढली, तेव्हा ताईने विचारलं होतं, "मग मला लागलं तर कुठे बघू?" आणि त्यांनी तासभर समजावून सांगितलं होतं. ताई मान हलवत होती. तिला सगळं पटलंय असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी चाचणीबाईला फोन लावला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. तिने दोनदा परत म्हणून घेतलं, कारण शेवटी ती चाचणीबाई.

"दुसरा, सर," ती म्हणाली. "सात पूर्णांक एक."

कप्पेसाहेब मटकन खाली बसले, खोक्यावरच. ताईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "त्यावर बसू नको, सलाईन आहे."

चार वाजता अध्यक्ष डॉक्टरबाई आल्या. त्यांनी अहवाल बघितला, कागदावरची रांग पडद्यावरच्या रांगेशी जुळवून बघितली, दोन्हींची छायाचित्रं घेतली. सर्वांत जास्त तापमान दुपारी तीन पंचावन्नला, सात पूर्णांक एक, मर्यादेच्या आत. "फ्रिजचा दोष नाही," त्या म्हणाल्या, "आता आम्हाला लस बनवणाऱ्यांकडेच बघावं लागेल." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण मग सकाळी ते 'अस्तित्वात नाही' कोणी लिहिलं होतं?"

"मी," कप्पेसाहेब म्हणाले. "ते खरं नव्हतं. मला सापडत नव्हता, एवढंच होतं."

"मग तेवढंच लिहायचं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कप्पेसाहेबांनी बैठक बोलावली आणि चाचणीबाईचा अर्ध्या पानाचा प्रस्ताव सगळ्यांसमोर स्वतः वाचून दाखवला. त्यांनी त्यात एकच भर घातली: अहवालाच्या आतही ग्राहकाचं नाव लिहावं. कुणीतरी मागून विचारलं, "साहेब, त्या एकोणीस मुद्द्यांचं काय?" सगळे हसले. कप्पेसाहेबही हसले, पण कान लाल झाले होते.

जुन्या चार हजार दोनशे ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी त्रेसष्ट आल्या. त्यांतल्या बावन्न चाचणीबाईच्या. बेवारस कप्प्यांचं काम मात्र कप्पेसाहेबांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. उरलेल्या चाळीस ग्राहकांना एकेक करून फोन करायचा, आधी माफी मागायची, मग विचारायचं, "तुमचा फ्रिज कधी बंद पडला होता, आठवतं का?" ज्यांनी गुपचूप वह्या चालू ठेवल्या होत्या त्यांचं काम पाच मिनिटांत व्हायचं. ते वहीतल्या तारखा वाचून दाखवायचे, की कप्पा ओळखू यायचा. बाकीच्यांनी नाकी नऊ आणले. एका फुलवाल्याने तर पाऊण तास झापलं. मागासलेल्या लोकांचे कप्पेसाहेबांनी या निमित्ताने मनापासून आभार मानले. त्या मंडळींना ते का, हे कळलं नाही.

हे सगळं आवरेपर्यंत ताईची निवृत्ती येऊन ठेपली. शेवटच्या दिवशी सकाळी कप्पेसाहेब भांडारात गेले. ताई फळ्यांवरून फडकं फिरवत होती. नवीन प्रमुख दुपारी ताबा घ्यायला येणार होत्या.

"ताई, एक परीक्षा घेतो तुझी," ते म्हणाले. "कालचा फ्रिज तीनचा अहवाल क्लाउडवर कुठे असेल, सांग. अंदाजाने सांग."

ताई फडकं न थांबवता म्हणाली, "आमच्या हॉस्पिटलच्या नावाखाली. त्यात फ्रिज तीन. त्यात कालची तारीख. आणखी कुठे असणार?"

"बरोबर."

फडकं थांबलं. "एवढंच?"

"एवढंच."

"मग तेव्हा तासभर ते चौकोन कशाला काढत बसला होतास रे?"

कप्पेसाहेबांकडे याची सतरा उत्तरं तयार होती, मुद्देवार. पण ती खोली सरळ नाव लिहिलेल्या चिठ्ठ्यांची होती, आणि समोर ताई होती.

"तुला मी हुशार वाटावं म्हणून," ते म्हणाले.

ताईला हसू फुटलं. "अरे वेड्या! मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. तुझ्या हातचा कागद होता, म्हणून ठेवला मी."

कप्पेसाहेब उगाच फ्रिजांकडे वळले. तिसऱ्या फ्रिजशेजारच्या खिळ्याला, दोरीने बांधलेली, नवी वही टांगलेली होती. ताईने ती त्या तपासणीच्या दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा सुरू केली होती आणि त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं. शेवटची ओळ कालच्या संध्याकाळची होती. आजची सकाळ अजून रिकामी होती.

"नऊ वाजले," ताई मागून म्हणाली. "लिही तू आज."

त्यांनी फ्रिजच्या दारावरचा आकडा वाचला. चार पूर्णांक एक. वहीला लटकणारं पेन उचललं आणि आकडा लिहायला टेकवलं.

"तसं नाही," ताई म्हणाली. "आधी तारीख."